सभासदाला फील्ड दिसत नाही, परक्याला दिसतंय: ड्रुपलच्या साइटवर कुठे कुठे बघायचं

आमच्या तालुक्यातून पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या लोकांचं एक मंडळ आहे, त्याची साइट मी गेली काही वर्षं बघतेय. पाच-सहाशे सभासद, प्रत्येकाचं प्रोफाइल, त्यात मूळ गाव, व्यवसाय, रक्तगट, मोबाईल, पत्ता वगैरे. साइट ड्रुपलवर आहे, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आणि चालवायच्या एका सॉफ्टवेअरवर. मी काही कॉम्प्युटर इंजिनीअर नाही, बँकेत नोकरी करते, हे सगळं करत करत शिकलेय.

एका आठवड्यात मला दोन फोन आले. पहिला मंडळातल्या एका मुलीचा. तिला दोन दिवस रात्री अनोळखी माणसाचे फोन येत होते आणि त्यानेच तिला सांगितलं की नंबर तुमच्या मंडळाच्या साइटवर मिळाला. मी तपासलं तर तो आमचा सभासद नव्हताच, साइटवर नुसतं रजिस्टर करून आत आला होता. ती मला म्हणाली, "ताई, मी नंबर मंडळाला दिला होता, त्या माणसाला नव्हता दिला." मी घाईघाईने मोबाईलच्या फील्डवर (म्हणजे प्रोफाइलमधल्या त्या रकान्यावर) बंधनं घातली, आणि तीन दिवसांनी कोथरूडच्या एका काकांचा फोन आला की आता मला माझ्या सख्ख्या जावयाचाही नंबर दिसत नाही, साइट बंद पडली का.

दोन्ही तक्रारी एकाच फील्डच्या, आणि दोन्ही माझ्याच सेटिंगमुळे. ते नीट करायला मला तीन रविवार लागले कारण ड्रुपलमध्ये एखादं फील्ड दिसणं-न दिसणं एका जागी ठरत नाही, सात-आठ जागी ठरतं आणि त्यातली कुठलीही एक जागा चुकली की सगळं चुकतं. मंडळाची, माजी विद्यार्थी संघाची, सोसायटीची, ज्ञातीची अशी साइट ज्यांच्या गळ्यात नुकतीच पडलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातलं सगळं ड्रुपल १० आणि ११ ला लागू आहे. ड्रुपल ७ वर अजून असाल तर मेनू थोडे वेगळे दिसतील, पण ७ चा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपलाय, त्यामुळे लोकांचे नंबर त्यावर ठेवून बसू नका, आधी वर सरका.

सुरू करण्याआधी हाताशी काय ठेवायचं

- ॲडमिन लॉगिन.
- तीन टेस्ट खाती: एक नुसतं रजिस्टर केलेलं, एक सभासदाचं, एक समितीचं. वेगळे ईमेल नसतील तर जीमेलच्या पत्त्यात नावापुढे अधिक चिन्ह टाकून काहीही लिहा, मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो आणि ड्रुपल त्याला वेगळा पत्ता धरतं.
- दुसरा ब्राउझर. ॲडमिन एका ब्राउझरमध्ये, टेस्ट खातं दुसऱ्यात. एकाच ब्राउझरमध्ये लॉगिन-लॉगआउट करत बसलात तर अर्ध्या तासात आपण आत्ता कोण आहोत हेच विसरायला होतं.
- डेटाबेसचा त्याच दिवशीचा बॅकअप.
- फील्ड परमिशन्स हे मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा जादा भाग). हे ड्रुपलबरोबर येत नाही, वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. ते नसेल तर नुसत्या ड्रुपलमध्ये "हे फील्ड या रोलला (म्हणजे खात्यांच्या या गटाला) दाखव, त्याला नको" असं माउसने सेट करायची सोय नाही.
- तक्रार करणाऱ्याचं युजरनेम, कुठल्या पानावर अडलं त्याचा स्क्रीनशॉट. "काहीच दिसत नाही" यावर काम करता येत नाही, स्क्रीनशॉट मागाच.

१. आधी कागदावर ठरवा, मग माउसला हात लावा

मी हेच केलं नव्हतं. एक कागद घ्या, डावीकडे एकाखाली एक फील्डं लिहा आणि वर चार रकाने: बाहेरचा माणूस, नुसता रजिस्टर झालेला, सभासद, समिती. प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही. आमच्याकडे मूळ गाव आणि व्यवसाय रजिस्टर झालेल्या कुणालाही, रक्तगट आणि मोबाईल फक्त सभासदांना, घरचा पत्ता आणि जन्मतारीख फक्त समितीला असं ठरलं. रक्तगटावर मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली, काहींचं म्हणणं होतं की रात्री-अपरात्री रक्त लागलं तर बाहेरच्यालाही दिसायला हवा, शेवटी असं ठरलं की रक्तदात्यांची यादी समितीकडे ठेवायची आणि साइटवर समितीच्या दोन माणसांचे नंबर उघडे ठेवायचे. असे निर्णय समितीने घ्यायचे असतात, साइट बघणाऱ्याने एकट्याने नाही, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि त्याला माणसाची संमती हवी हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्व आहे. युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांना तर २०१८ पासून जीडीपीआर हा तिकडचा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. त्यामुळे फॉर्मवर मोबाईलच्या रकान्याखाली एक ओळ लिहाच की हा नंबर कोणाकोणाला दिसेल. आम्ही ती ओळ आता लिहिलीय, तेव्हा नव्हती.

२. फील्ड भरलंय का ते बघा

हे सांगायला फार साधं वाटतं पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ड्रुपल रिकामं फील्ड दाखवतच नाही, त्याचं लेबलसुद्धा येत नाही. त्यामुळे समोरच्याने नंबर भरलेलाच नसेल तर बघणाऱ्याला वाटतं की आपल्यापासून लपवलंय. ॲडमिनने त्या सभासदाचं प्रोफाइल एडिटमध्ये उघडायचं आणि रकाना बघायचा.

तिथेच स्टेटसही बघून घ्या. खातं ब्लॉक असेल, किंवा मंजुरीच्या रांगेत अडकलेलं असेल (ड्रुपलच्या दृष्टीने तेही ब्लॉकच), तर साध्या सभासदाला त्याचं प्रोफाइल उघडतच नाही. त्याला वाटतं नंबर गेला, प्रत्यक्षात अख्खा माणूसच बंद असतो.

३. "रजिस्टर झालेला" म्हणजे "सभासद" नव्हे

माझी मुख्य चूक ही, म्हणून इथे थोडं थांबते.

ड्रुपलमध्ये दोन रोल जन्मजात असतात. लॉगिन न केलेला तो अनॉनिमस युजर, लॉगिन केलेला तो ऑथेंटिकेटेड युजर. कुणीही खातं उघडलं की तो त्याच क्षणी ऑथेंटिकेटेड होतो. वर्गणी भरली का, तालुक्यातला आहे का, कुणाच्या ओळखीचा आहे का, याचा त्या रोलशी काही संबंध नाही. मी मात्र "ऑथेंटिकेटेड" म्हणजे "आपले सभासद" असं धरून त्यांना सगळं उघडं ठेवलं होतं.

त्यासाठी दोन कामं करायची. एक, कॉन्फिगरेशन, पीपल, अकाउंट सेटिंग्ज इथे जा आणि खातं कोण उघडू शकतं ते बघा. तीन पर्याय असतात: फक्त ॲडमिन, कोणीही, किंवा कोणीही पण ॲडमिनच्या मंजुरीनंतर. मंडळाच्या साइटला तिसरा पर्याय ठेवा. ईमेलची खातरजमा चालू असते म्हणून निर्धास्त राहू नका, त्याने फक्त ईमेल खरा आहे एवढंच कळतं, माणूस कोण ते कळत नाही. आम्हाला तो माणूस खऱ्या ईमेलनेच आत आला होता.

दोन, पीपलमध्ये रोल्सच्या टॅबवर "सभासद" नावाचा वेगळा रोल तयार करा, आणि "समिती" नावाचा अजून एक. खजिनदारांनी वर्गणीची पावती फाडली की मगच "सभासद" रोल द्यायचा. पीपलच्या यादीत नावांवर टिक करून एकदम पन्नास जणांना रोल देता येतो, एकेक प्रोफाइल उघडत बसू नका.

आता यातला सापळा. ड्रुपलमध्ये रोलच्या परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी कधीच होत नाही. ऑथेंटिकेटेडला दिलेली परवानगी अनॉनिमस सोडून बाकी सगळ्या रोलना आपोआप मिळते. परमिशन्सच्या पानावर तुम्हाला दिसेलच, ऑथेंटिकेटेडच्या रकान्यात टिक केली की पुढच्या सगळ्या रकान्यांत टिक आपोआप येते आणि ती काढता येत नाही. "सभासदाला नको" असं सांगायची सोयच नाही. म्हणून सुरुवात नेहमी खालून करायची, ऑथेंटिकेटेडला कमीत कमी द्यायचं आणि वरच्या रोलना वाढवत न्यायचं. कुठल्याशा रोलला नको ते दिसतंय आणि त्या रोलच्या रकान्यात तर तुम्ही टिक केलेली नाही, अशा वेळी आधी ऑथेंटिकेटेडचा रकाना बघा.

आणि वर्गणी संपल्यावर रोल आपोआप जात नाही हेही लक्षात ठेवा. आम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये खजिनदारांची यादी समोर ठेवून हाताने साफ करतो. कटकट आहे पण तासाभरात होतं.

४. फील्डचं स्वतःचं कुलूप

कॉन्फिगरेशन, पीपल, अकाउंट सेटिंग्ज, मॅनेज फील्ड्स. मोबाईलच्या फील्डवर एडिट करा. मॉड्यूल चालू असेल तर खाली "फील्ड व्हिजिबिलिटी अँड परमिशन्स" असा भाग दिसेल. दिसत नसेल तर तुमच्या रोलला "ॲडमिनिस्टर फील्ड परमिशन्स" ही परवानगी नाही, ती आधी घ्या.

तीन पर्याय असतात. "नॉट सेट" म्हणजे फील्डला स्वतःचं कुलूप नाही, ज्याला प्रोफाइल दिसतं त्याला हेही दिसतं. "प्रायव्हेट" म्हणजे ज्याचं त्याला आणि ॲडमिनला. "कस्टम" म्हणजे रोलप्रमाणे तुम्ही ठरवाल तसं. त्या मुलीच्या फोनच्या वेळी आमचा मोबाईल "नॉट सेट"वर होता, तिथून नंबर बाहेर गेला.

कस्टम निवडलं की पाच परवानग्यांचा तक्ता येतो आणि इथे सगळे नवखे गडबडतात, मीही गडबडले:

- स्वतःच्या प्रोफाइलमध्ये पहिल्यांदा भरणं
- स्वतःचं बदलणं
- कुणाचंही बदलणं
- स्वतःचं बघणं
- कुणाचंही बघणं

कस्टमवर टाकलं आणि टिका करायच्या राहिल्या तर ॲडमिन सोडून कोणालाच काही दिसत नाही, अगदी ज्याचा नंबर आहे त्यालासुद्धा नाही. मी त्या रात्री घाबरून कस्टम केलं, समितीला "कुणाचंही बघणं" दिलं आणि झोपले. सभासदांना काहीच दिलं नव्हतं, म्हणून काकांना जावयाचा नंबर दिसेना. शिवाय सभासदांना स्वतःचा नंबर बदलताही येईना, पण ते महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही कारण नंबर रोज कोण बदलतं.

आमच्या मोबाईलच्या फील्डला आता असं आहे: ऑथेंटिकेटेडला पहिल्यांदा भरणं, स्वतःचं बदलणं, स्वतःचं बघणं. सभासदाला त्यावर फक्त "कुणाचंही बघणं". समितीला अजून एक, "कुणाचंही बदलणं", कारण ज्येष्ठ सभासद फोन करून सांगतात की बाई तूच बदल. जन्मतारखेला सभासदाची ती टिक नाही, समितीला आहे, एवढाच फरक.

सगळी फील्डं एका नजरेत बघायची असतील तर रिपोर्ट्समध्ये फील्ड लिस्टखाली परमिशन्सचा टॅब आहे. तुमचा कागद आणि हे पान शेजारी ठेवून ताडून बघा, एकेक फील्ड उघडण्यापेक्षा हे फार सोपं पडतं.

अजून एक खोच. हे कुलूप फील्डच्या स्टोरेजला लागतं, म्हणजे तेच फील्ड अनेक ठिकाणी वापरलं तर कुलूप सगळीकडे एकच. समजा तुमच्याकडे "वधू-वर नोंद" आणि "रक्तदाता" असे दोन कंटेंट टाइप (नोंदींचे प्रकार) आहेत आणि दुसऱ्यात तुम्ही पहिल्यातलंच मोबाईलचं फील्ड पुन्हा वापरलंय, तर एकाचं कुलूप बदललं की दुसऱ्याचंही बदलतं. वेगळे नियम हवे असतील तर फील्ड सुरुवातीलाच वेगळं बनवा.

आणि प्रत्येक सभासदाने स्वतः ठरवावं की माझा नंबर दाखवा किंवा नका दाखवू, असं हवं असेल तर हे मॉड्यूल ते करत नाही, ते फक्त रोल ओळखतं. आम्ही त्यावर साधा उपाय काढला, दोन फील्डं केली. एक "मोबाईल, फक्त समितीसाठी", सक्तीचं. दुसरं "यादीत दाखवायचा मोबाईल", ऐच्छिक. ज्याला दाखवायचा नाही तो दुसरं रिकामं ठेवतो. त्या मुलीने दुसरं फील्ड रिकामं ठेवलंय, तिच्यासारख्या बऱ्याच जणींनी ठेवलंय, आणि मंडळाचं काम त्याने कुठेही अडलेलं नाही.

५. प्रोफाइल उघडतंय का, आणि फील्ड पानावर मांडलंय का

कुलूप उघडं असूनही दिसत नसेल तर दोन ठिकाणं बघायची. परमिशन्सच्या पानावर "व्ह्यू युजर इन्फर्मेशन" ही परवानगी बघणाऱ्याच्या रोलला आहे का? नसेल तर दुसऱ्याचं प्रोफाइल उघडताना "ॲक्सेस डिनाइड" येतं, स्वतःचं मात्र उघडतं, त्यामुळे सभासद म्हणतो माझं तर दिसतंय, बाकीच्यांचंच गेलं.

मग अकाउंट सेटिंग्जमधलं मॅनेज डिस्प्ले, म्हणजे प्रोफाइलच्या पानावर कुठलं फील्ड कुठे मांडायचं ते ठरवायची जागा. तिथे खाली "डिसेबल्ड" असा भाग असतो, फील्ड त्यात पडलं असेल तर ॲडमिनलाही दिसणार नाही. ओढून वर आणा. ॲडमिनला दिसत नाही आणि सभासदालाही दिसत नाही, तर बहुतेक मामला इथला. ॲडमिनला दिसतं आणि सभासदाला नाही, तर मामला परवानगीचा. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी खूप वेळ वाचतो.

उलट, फील्ड लपवण्यासाठी मॅनेज डिस्प्ले वापरू नका. तिथून काढलं की त्या एका पानावरून जातं, बाकी यादीत, निर्यात केलेल्या फाइलमध्ये ते तसंच राहू शकतं.

६. सभासदांची यादी

यादी बहुधा व्ह्यूजने, म्हणजे ड्रुपलमधल्या याद्या बनवायच्या सोयीने, केलेली असते. व्ह्यूजमधलं फील्ड फील्डचं कुलूप पाळतं, म्हणजे ज्याला परवानगी नाही त्याला मोबाईलचा रकाना रिकामा दिसतो. पण यादीच्या पानाला स्वतःचं वेगळं दार असतं, मधल्या पट्टीत "ॲक्सेस" म्हणून. तिथे "रोल" निवडून "सभासद" आणि "समिती" ठेवा. ते करताना वर बघा की बदल सगळ्या डिस्प्लेंना (त्याच यादीच्या वेगवेगळ्या रूपांना) लागतोय की फक्त या पानाला. आमच्याकडे यादीचं पान बंद केलं होतं पण त्याच व्ह्यूचा एक्सेलसाठी काढलेला डिस्प्ले उघडाच राहिला होता, त्याची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला नावांची अख्खी यादी उतरवता येत होती. कोणी उतरवली नसावी, पण ते दिसलं तेव्हा पोटात गोळा आला.

शोधायच्या रकान्याकडेही लक्ष द्या. यादीवर "मोबाईलने शोधा" असा फिल्टर दिला असेल तर नुसत्या रजिस्टर खात्याने लॉगिन करून एखादा माहितीतला नंबर टाकून बघा. नंबर दिसत नसला तरी नाव समोर आलं तर नंबरवरून माणूस सापडला, म्हणजे कुलपाला अर्थ उरला नाही. असा फिल्टर काढून टाका. जन्मतारखेचा फिल्टरही तसाच.

७. नोंदणीचा फॉर्म

"फॉर्ममध्ये मोबाईलचा रकानाच येत नाही" ही तक्रार कस्टम केल्यानंतर हमखास येते. कारण फॉर्म भरणारा माणूस अजून लॉगिन झालेला नसतो, ड्रुपलच्या लेखी तो अनॉनिमस असतो, आणि पाचातली "पहिल्यांदा भरणं" ही परवानगी अनॉनिमसला दिलेली नसते. ती एकच टिक अनॉनिमसला द्या. बघण्याची टिक अनॉनिमसला चुकूनही देऊ नका, तक्त्यात दोन्ही रकाने जवळजवळ असतात आणि घाईत हात चुकतो. टिक असूनही रकाना येत नसेल तर मॅनेज फॉर्म डिस्प्लेमध्ये बघा, "रजिस्टर" असा वेगळा फॉर्म मोड कोणी चालू केला असेल तर त्यात फील्ड वेगळं मांडावं लागतं.

८. फोटो आणि पीडीएफ: इथे फार सावध राहा

बायोडेटाची पीडीएफ, फोटो, पत्त्याचा पुरावा असं काही लोकांकडून घेत असाल तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फील्डचं कुलूप पानावरची लिंक लपवतं. फाइल जर पब्लिक फोल्डरमध्ये असेल तर ज्याच्याकडे थेट लिंक आहे त्याला ती लॉगिन न करता उघडते, तुमच्या सगळ्या रोलना बाजूला सारून. व्हॉट्सॲपवर कोणी एकदा लिंक पाठवली की झालं.

त्यासाठी फाइल फील्ड बनवतानाच "अपलोड डेस्टिनेशन" प्रायव्हेट निवडायचं. हा पर्याय दिसण्यासाठी आधी सेटिंग्जच्या फाइलमध्ये प्रायव्हेट फोल्डरचा मार्ग लिहावा लागतो, होस्टिंगवाल्याला सांगा, तो फोल्डर वेबच्या फोल्डरच्या बाहेर ठेवायला सांगा. आणि लक्षात घ्या, फील्डमध्ये एकदा फाइली आल्या की हे डेस्टिनेशन बदलायचा पर्याय बंद होतो. मग नवीन फील्ड करा, फाइली तिकडे हलवा, जुन्या पुसा, असा सगळा खटाटोप. आम्हाला जवळजवळ दोनशे बायोडेटा असे हलवावे लागले.

९. टेम्प्लेटमध्ये हात घातलेला असेल तर

साइट कोणाकडून बनवून घेतली असेल तर प्रोफाइलचं ट्विग टेम्प्लेट (पानावर काय कसं छापायचं ते सांगणारी फाइल) उघडून बघा, किंवा बघायला सांगा. टेम्प्लेटमध्ये फील्ड "कंटेंट"मधून छापलं असेल तर परवानगी पाळली जाते. युजरच्या ऑब्जेक्टमधून थेट फील्डची व्हॅल्यू छापली असेल तर ड्रुपल परवानगी विचारतच नाही, सगळ्यांना छापून देतं. सगळी सेटिंग्ज बरोबर आहेत, कागदाशी जुळतायत, आणि तरीही नंबर दिसतोय, अशा वेळी मी आता सगळ्यात आधी इथेच बघते.

१०. कॅश

बदल केल्यावर कॉन्फिगरेशन, डेव्हलपमेंट, परफॉर्मन्स इथे जाऊन कॅश (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) साफ करा, ड्रश (कमांड देऊन ड्रुपल चालवायचं साधन) असेल तर ड्रश सीआर. पुढे क्लाउडफ्लेअरसारखी पानांच्या प्रती ठेवणारी सेवा लावली असेल तर तेही साफ करा. "रीबिल्ड परमिशन्स" नावाचं बटण रिपोर्टमध्ये कधी कधी दिसतं, नाव वाचून वाटतं हेच आपलं औषध, पण ते नोडच्या (साइटवरच्या लेख-पानांच्या) ॲक्सेससाठी आहे, फील्डसाठी त्याचा उपयोग नाही.

११. तपासणी सभासदाच्या डोळ्यांनी

साइट बनवताना उघडलेलं पहिलं खातं, ज्याचा आयडी १, त्याला ड्रुपल कुठेच अडवत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर रोललाही सगळं खुलं. त्यामुळे तुमच्या लॉगिनने केलेल्या तपासणीतून सभासदाला काय दिसतं ते कळत नाही. ड्रुपल १०.३ पासून पहिल्या खात्याचा हा विशेषाधिकार बंद करता येतो पण ते होस्टिंगवाल्याला विचारून करा.

मी दर वेळी हा क्रम लावते:

- लॉगिन न करता यादी, एक प्रोफाइल आणि एका पीडीएफची थेट लिंक उघडायची. तिन्ही अडली पाहिजेत.
- नुसत्या रजिस्टर खात्याने दुसऱ्याचं प्रोफाइल. गाव आणि व्यवसाय दिसला पाहिजे, मोबाईल नाही.
- त्याच खात्याने स्वतःचं प्रोफाइल एडिट. मोबाईल बदलता आला पाहिजे.
- सभासदाच्या खात्याने मोबाईल आणि रक्तगट दिसतोय ना, पत्ता दिसत नाही ना.
- समितीच्या खात्याने दुसऱ्याचा नंबर बदलून बघायचा आणि परत पूर्वीचा टाकायचा.

मास्करेड नावाचं मॉड्यूल आहे, त्याने ॲडमिनला एका क्लिकवर दुसऱ्याच्या खात्यात शिरून बघता येतं. काकांची तक्रार मी तशीच पकडली, त्यांच्या खात्याने जावयाचं प्रोफाइल उघडलं आणि जिथे नंबर असायला हवा तिथे थेट रक्तगटाखाली व्यवसाय आला होता, मधली ओळच नाही. पण लोकांच्या खात्यात असं शिरण्याआधी त्यांना फोन करून विचारा, आणि ती परवानगी तुमच्याशिवाय कोणाला देऊ नका.

वर्डप्रेसवर बडीप्रेस वापरत असाल तर

बडीप्रेस म्हणजे वर्डप्रेसला सभासदांची प्रोफाइलं जोडणारं प्लगइन. तिथे गोष्ट बरीच सोपी आहे. युजर्समध्ये प्रोफाइल फील्ड्स, प्रत्येक फील्डला व्हिजिबिलिटी: सगळ्यांना, फक्त मला, सगळ्या मेंबरना, माझ्या मित्रांना. शिवाय सभासदाला ती स्वतः बदलू द्यायची की नाही हेही ठरवता येतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिलं, "सगळे मेंबर" म्हणजे इथेही लॉगिन केलेला कोणीही, वर्गणीदार नव्हे. दुसरं, सभासदाला बदलायची मुभा असेल आणि त्याने एकदा स्वतः निवडलं असेल तर तुम्ही नंतर डीफॉल्ट बदललं तरी त्याची निवड तशीच राहते. सगळ्यांना एकच नियम लावायचा तर सक्तीचा पर्याय निवडा.

नंबर बाहेर गेलाच असेल तर

पान अनॉनिमसला उघडं होतं असं कळलं तर साइटचं नाव आणि सभासदाचं नाव टाकून गूगलवर शोधून बघा. जुनी प्रत दिसली तर गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनातून ती काढायची विनंती करता येते. त्या सभासदांना स्वतःहून कळवा, कोणती माहिती, कधीपासून, कोणाला दिसत होती, आणि आता काय केलंय. मी त्या मुलीच्या घरी जाऊन तिला आणि तिच्या आईला लॅपटॉपवर दोन्ही खाती उघडून दाखवली, परक्याला काय दिसतं आणि सभासदाला काय. आई म्हणाल्या, पत्ता पण दाखव बघू. पत्त्याच्या जागी काहीच नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि म्हणाल्या, आता यावरून बघ.